सर्वात कमी सरासरी खर्च कुठे असतो, आणि तिथेच थांबायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. व्यवस्थापकीय अर्थशास्त्राच्या पुस्तकात एकूण खर्च = क्ष³ − १२क्ष² + ६०क्ष असं समीकरण दिलंय, क्ष म्हणजे उत्पादन. सरासरी खर्च काढायचा, त्याचं अवकलन करून शून्याशी बरोबर करायचं, क्ष = ६ येतं आणि गुण मिळतात. पण नेमक्या त्याच ठिकाणी सीमांत खर्च (आणखी एक नग काढायला लागणारा जादा खर्च) आणि सरासरी खर्च सारखे का होतात, हे वर्गात कळलं नाही. आणि खऱ्या कारखान्याने या ६ चं करायचं काय, तेवढाच माल काढून थांबायचं का, हेही तुम्ही विचारलंय.

मी कॉस्ट अकाउंटंट आहे. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव भागातल्या फाउंड्र्यांचे, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांचे, हिशेब वीसहून जास्त वर्षं बघतोय. तुमचा दुसरा प्रश्न माझ्यासमोर दर महिन्याला येतो आणि त्यात एकदा माझी मोठी चूक झालेली आहे. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी गणित उरकून घेऊ. एकूण खर्चाला क्ष ने भागलं की सरासरी खर्च = क्ष² − १२क्ष + ६०. त्याचं अवकलन २क्ष − १२. ते शून्य केलं की क्ष = ६ आणि सरासरी खर्च २४. दुसरं अवकलन २, म्हणजे धन, म्हणून हा तळच आहे, माथा नाही. आता सीमांत खर्च काढा, म्हणजे एकूण खर्चाचं अवकलन: ३क्ष² − २४क्ष + ६०. त्यात ६ घातले की १०८ − १४४ + ६० = २४. दोन्ही जुळले.

हे जुळणं योगायोग नाही. सरासरी खर्च म्हणजे एकूण खर्च भागिले क्ष. भागाकाराच्या नियमाने त्याचं अवकलन करून नीट मांडलं तर असं मिळतं:

सरासरी खर्चाच्या बदलाचा दर = (सीमांत खर्च − सरासरी खर्च) ÷ क्ष

समीकरण कुठलंही असो, हे खरंच राहतं. कंस ऋण असेपर्यंत सरासरी उतरते, कंस धन झाला की चढते, आणि कंस शून्य झाला की सरासरी ना उतरते ना चढते. तळ तिथेच असणार. माझ्या मते हे एक सूत्र मनात पक्कं बसलं तर या प्रकरणातलं निम्मं पाठांतर वाचतं.

मुलांना हमखास अडतं ते पुढे. सीमांत खर्च चढायला लागला तरी सरासरी खर्च उतरतच कसा राहतो? तुमच्या उदाहरणात सीमांत खर्चाचा तळ क्ष = ४ वर आहे, तिथे तो फक्त १२ आहे. ४ ते ६ च्या मध्ये सीमांत खर्च वाढतोय आणि सरासरी कमी होतेय. हे मी दूध संकलन केंद्राच्या टाकीवर समजावतो. टाकीत ९० लिटर दूध आहे, सरासरी फॅट ७.० आहे. त्यानंतर चार जणांनी प्रत्येकी १० लिटर दूध घातलं. पहिल्याची फॅट ६.० लागली, दुसऱ्याची ६.४, तिसऱ्याची ६.८ आणि चौथ्याची ७.२. येणारं प्रत्येक दूध आधीच्यापेक्षा चांगलं आहे. पण टाकीची सरासरी बघा: ६.९०, मग ६.८५५, मग ६.८५०, आणि चौथ्यानंतर ६.८७७. तिसऱ्यापर्यंत सरासरी उतरत राहिली, कारण येणारं दूध सुधारत असलं तरी टाकीपेक्षा पातळच होतं. टाकीला येणाऱ्या दुधाचा चढउतार दिसत नाही. तिला एवढंच कळतं की आत्ता ओतलेलं दूध माझ्यापेक्षा वर आहे की खाली.

आता फाउंड्रीत येऊ. आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून मी बसवलेत, पण त्यांची ठेवण खऱ्या कामातली आहे. क्ष म्हणजे महिन्याला तयार होणारे टन, खर्च रुपयांत.

एकूण खर्च = १६,००,००० + ६०,००० क्ष + ४० क्ष²

१६ लाख हा स्थिर खर्च: कर्जाचा हप्ता, पगारी माणसं, भाडं, विजेचा स्थिर आकार. ६०,००० हा टनामागचा सरळ खर्च: भंगार, पिग आयर्न, फेरो सिलिकॉन, वाळू, बेंटोनाइट (साच्याची वाळू बांधून धरणारी माती), आणि टनाला साडेपाचशे-सहाशे युनिटांच्या आसपास जाणारी वितळण्याची वीज.

मग ४० क्ष² कुठून आलं? पुस्तकं इथे ‘घटत्या फलाचा नियम’ असं लिहून पुढे जातात. फाउंड्रीत हा नियम हाताला चटका देतो. साच्याची वाळू फिरती असते. धातू ओतला, थंड झाला, साचा फोडला की तीच वाळू पट्ट्यावरून परत येते, तिच्यात पाणी आणि बेंटोनाइट घालून पुन्हा साचे होतात. महिन्याला १५० टन निघत असतात तेव्हा वाळूला निवायला वेळ मिळतो. उत्पादन वाढवलं की तीच वाळू दिवसात जास्त फेऱ्या मारते आणि गरमच परत येते. पन्नास अंशांच्या वर गेली की घातलेलं पाणी मिक्सरपासून साच्यापर्यंत पोचेस्तोवर उडतं, साच्याच्या कडा ढासळतात, कास्टिंगला वाळूचे खड्डे आणि ब्लोहोल पडतात. मोल्डिंगवरचा जाणता कामगार मूठभर वाळू दाबून बघतो. गोळा नीट तुटला तर ठीक, हातातच भुगा झाला तर तो मान हलवतो. रिजेक्ट झालेलं कास्टिंग परत भट्टीत जातं, म्हणजे त्याच्यावरची वीज, मजुरी, फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं), सगळं दुसऱ्यांदा. वर ओव्हरटाइम असतो आणि भट्टीचं लायनिंग लवकर झिजतं. हे सगळं मिळून ते ४० क्ष².

सरासरी खर्च = १६,००,०००/क्ष + ६०,००० + ४० क्ष. अवकलन: −१६,००,०००/क्ष² + ४०. शून्य केलं की क्ष² = ४०,०००, म्हणून क्ष = २००. सरासरी खर्च ८,००० + ६०,००० + ८,००० = ७६,००० रुपये. सीमांत खर्च ६०,००० + ८० × २०० = ७६,०००. दुसरं अवकलन ३२,००,०००/क्ष³, धन.

वरच्या बेरजेत दोन्हीकडे ८,००० आलेत. टनामागचा स्थिर खर्च उत्पादनाबरोबर पातळ होत जातो, गर्दीचा खर्च, म्हणजे गरम वाळू-ओव्हरटाइमचा तो ४० क्ष, दाटत जातो, आणि दोन्ही सारखे होतात तिथे तळ सापडतो. स्टोअरमध्ये एका वेळी किती माल मागवायचा याचं जे सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलं, तेही याच ठेवणीचं आहे. माल मागवण्याचा खर्च आणि साठवणुकीचा खर्च जिथे सारखे होतात, तिथे बेरीज सर्वात कमी. एक शिकलात की दुसरं आपोआप येतं. मात्र ही बरोबरी फक्त भागिले क्ष आणि गुणिले क्ष अशा जोडीतच चालते, घनाच्या समीकरणात चालत नाही. परीक्षेत तिचा भरवसा धरू नका.

आता हा तळ किती खोल आहे ते बघा. १५० टनांवर सरासरी खर्च ७६,६६७. २५० टनांवर ७६,४००. म्हणजे उत्पादन पावपट इकडे-तिकडे झालं तरी टनामागे चारशे ते सातशे रुपयांचा फरक, एक टक्काही नाही. वक्र इंग्रजी यू सारखा काढतात म्हणून मुलांना वाटतं की तळ विहिरीसारखा असेल. तो परातीसारखा असतो, मध्ये सपाट आणि कडेला चढता. १०० टनांवर मात्र सरासरी खर्च ८०,००० होतो आणि ४०० वरही ८०,०००. म्हणून अवकलनातून २०० आलं की मी मालकाला सांगतो, ‘दीडशे ते अडीचशेच्या मध्ये असाल तर सरासरीची चिंता करू नका, रिजेक्शनची करा.’ नेमक्या दोनशे टनांसाठी धडपडण्यात अर्थ नाही.

आता माझी चूक. बऱ्याच वर्षांपूर्वी एका फाउंड्रीत मी असाच तळ काढून दिला. आकडे वरच्या समीकरणातलेच धरा. काम २०० टनांवर चालू होतं. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाकडून महिन्याला ४० टनांची जादा ऑर्डर आली, टनाला ८०,००० दराने. मी कागद मांडला: २४० टनांवर सरासरी खर्च ७६,२६७ होतो, म्हणजे सगळ्याच मालावर टनामागे २६७ रुपये वाढतात. ‘आपण तळावर आहोत, कशाला वर जायचं?’ असं मीच म्हणालो. मालकांनी माझ्या शब्दावर ऑर्डर सोडली.

त्या ४० टनांचा जादा खर्च किती होता? सरळ खर्च २४,००,०००. गर्दीचा खर्च ४० × (२४०² − २००²) = ७,०४,०००. एकूण ३१,०४,०००. मिळकत ३२,००,०००. महिन्याला ९६,००० रुपये नफा मी दारातून परत पाठवला होता. वाढीव सरासरी खर्च या ३१,०४,००० मध्ये आधीच धरलेला आहे, तो वेगळा मोजायचाच नव्हता. हे मला सहा महिन्यांनी वार्षिक हिशेब जुळवताना कळलं. तोवर ते काम दुसरीकडे स्थिरावलं होतं. मालक मला काही बोलले नाहीत, पण मला ते आजही लागून आहे. तेव्हापासून ऑर्डर घ्यायची की नाही या कागदावर मी सरासरी खर्चाचा रकाना ठेवतच नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तळावर थांबायचं नाही. किती माल काढायचा हे भाव आणि सीमांत खर्च मिळून ठरवतात. भाव ८४,००० असेल तर ६०,००० + ८०क्ष = ८४,०००, म्हणजे क्ष = ३००. तिथे सरासरी खर्च ७७,३३३, तळापेक्षा जास्त. तरी नफा २० लाख. २०० टनांवर थांबलात तर टनामागचा नफा जास्त दिसतो, ८,०००, पण एकूण फक्त १६ लाख. पगार आणि हप्ते एकूण रुपयांतून भागतात. अर्थात ३०० टन त्याच भावाने खपणार असतील आणि वाळूचं यंत्र तेवढं फिरू शकत असेल तर. जास्त माल विकायला भाव पाडावा लागत असेल तर भावाच्या जागी सीमांत प्राप्ती (आणखी एक टन विकून वाढणारी मिळकत) येते आणि उत्तर खाली सरकतं.

मंदीत हाच विचार उलट्या बाजूने करायचा असतो. भाव ७२,००० वर आला, म्हणजे तळापेक्षाही खाली. कितीही टन काढले तरी एकूण नफा नाही. बंद ठेवली तर १६ लाखांचा तोटा ठरलेला. २०० टनांवर, सर्वात कमी सरासरी खर्चावर चालवली तर तोटा ८ लाख. सीमांत खर्च ७२,००० होतो त्या १५० टनांवर चालवली तर ७ लाख. मंदीतही सरासरीचा तळ गाठायला गेलेला माणूस लाखभर रुपये उगाच घालवतो. फक्त हा सल्ला थोड्या महिन्यांपुरता असतो. भाव तिथेच राहिला तर हप्ते कुठून भरणार हा प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर अवकलनात नाही.

तर मग तळ काढायचा कशाला? भावाचा अंदाज द्यायला आणि कारखाना किती मोठा बांधायचा ते ठरवायला. दीर्घ मुदतीच्या करारात कोणी ७५,००० चा दर मागितला तर मी आत्ताच्या यंत्रांवर तो कधीच परवडणार नाही असं सांगू शकतो, कारण ७६,००० च्या खाली हा वक्र जातच नाही.

स्थिर खर्चाबद्दल एक गोष्ट जपा. नवीन भट्टी घेतली, हप्ता वाढला, १६ चे २५ लाख झाले. बाकी काही बदललं नाही असं धरा. तळ २०० वरून २५० टनांवर सरकतो आणि सरासरी खर्च ८०,००० होतो. सीमांत खर्चाचं समीकरण जिथल्या तिथे राहतं, म्हणून ८४,००० भावाला योग्य उत्पादन तेच, ३०० टन. हप्ता वाढला म्हणून ‘आता जास्त टन काढून खर्च पसरवू’ असं म्हणणारे मालक मी खूप पाहिलेत. पसरवल्याने टनामागचा स्थिर खर्च कमी दिसतो, पण ८४,००० भावाला तीनशेच्या पुढचा प्रत्येक टन घाट्यात जातो.

पुस्तकातला वक्र खऱ्या आकड्यांत दिसतो का? नेहमी नाही. अमेरिकेत जोएल डीन या अर्थतज्ज्ञांनी पायमोज्यांच्या गिरणीच्या खर्चाचा अभ्यास १९४१ मध्ये छापला. त्यात उत्पादनाच्या पाहिलेल्या टप्प्यात सीमांत खर्च जवळपास सपाट निघाला. असं असेल तर सरासरी खर्च = स्थिर खर्च/क्ष + एक ठरावीक आकडा. त्याचं अवकलन कधीच शून्य होत नाही, ते कायम ऋण राहतं. मग तळ असतो यंत्राच्या क्षमतेच्या टोकावर, आणि तिथे अवकलनाने नाही, टोक तपासून पोचावं लागतं. आमच्याकडेही वाळूला निवायला वेळ मिळतो तोवरच्या टप्प्यात रेषा अशीच सरळ येते. वळण त्यानंतर.

शिवाय खर्च गुळगुळीत नसतो, पायऱ्यांनी चढतो. तिसरी पाळी सुरू केली की एक सुपरवायझर, एक इलेक्ट्रिशियन एकदम वाढतो. वीजबिलात करारापेक्षा जास्त मागणी नोंदली गेली की त्या जास्तीच्या भागाला चढा दर लागतो, आणि दोन भट्ट्या एकाच वेळी पूर्ण ताकदीवर घेतल्या की हे अर्ध्या तासात होतं. पायरीच्या जागी अवकलज नसतोच. तिथे दोन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे काढून समोरासमोर ठेवायचे. आणि समीकरण बसवायला महिन्यांचे आकडे घेताना भंगाराचे दर आधी एका पातळीवर आणा. नाहीतर ज्या महिन्यात भंगार महाग होतं, तो महिना गर्दीचा खर्च म्हणून समीकरणात शिरतो. मी निदान दोन वर्षांचे महिने घेतो, आणि ज्या टप्प्यात आकडे आहेत त्याच्या बाहेरचं उत्तर मालकाच्या हाती देत नाही.

आता यंत्रणेच्या आकाराचा निर्णय, मला सर्वात आवडणारा भाग. समजा वाळू थंड करणारी यंत्रणा बसवली. हप्ता आणि देखभाल मिळून स्थिर खर्च १६ चा २२ लाख झाला, पण गरम वाळूचा त्रास निम्मा झाला, ४० चे २० झाले. नव्या वक्राचा तळ सुमारे ३३२ टनांवर, सरासरी खर्च ७३,३०० च्या आसपास. पण तुमच्याकडे काम आहे २०० टनांचंच. तिथे नव्या यंत्रणेचा खर्च ११,००० + ६०,००० + ४,००० = ७५,०००. जुनी यंत्रणा तिच्या तळावर, अगदी बहरात असताना ७६,०००. म्हणजे मोठी यंत्रणा अर्धवट वापरली तरी लहान यंत्रणेच्या सर्वोत्तम कामगिरीपेक्षा स्वस्त पडते. दोन्ही वक्र सुमारे १७३ टनांवर छेदतात. त्याच्या पुढे नवीच घ्यावी.

इथे मोठी माणसंही फसलीत. अर्थशास्त्रज्ञ जेकब वायनर यांनी १९३१ च्या आपल्या गाजलेल्या लेखासाठी आकृत्या काढून देणाऱ्या वाँग या गणितज्ञाला सांगितलं की दीर्घकालीन वक्र (यंत्रणेचा आकारही बदलता येतो तेव्हाच्या सर्वात कमी सरासरी खर्चाचा) सगळ्या लहान वक्रांच्या (एकेका ठरलेल्या आकाराच्या यंत्रणेच्या) तळांतून न्या, आणि तो कुठेही त्यांच्या वर जाता कामा नये. वाँग यांनी हे अशक्य असल्याचं सांगितलं. वायनर तेव्हा ऐकले नाहीत, पण १९५० मध्ये लेख पुन्हा छापताना त्यांनी मूळ चूक तशीच ठेवून टिपेत ती मान्य केली. कारण वरचंच: दीर्घकालीन खर्च उतरत असेल तर तो लहान वक्राला तळाच्या डावीकडे स्पर्श करतो, कारण स्पर्शाच्या जागी दोन्हींचा उतार सारखा असावा लागतो आणि तळाचा उतार शून्य असतो.

शेवटी तुमच्या पुस्तकातल्या समीकरणाकडे. त्यात स्थिर खर्च नाही, म्हणून ६ आलं. त्यात ९८ मिळवा. सरासरी खर्च = क्ष² − १२क्ष + ६० + ९८/क्ष, अवकलन २क्ष − १२ − ९८/क्ष². हे वर्गसमीकरणाच्या सूत्राने सुटत नाही, पण क्ष = ७ घालून बघा: १४ − १२ − २ = ०. सरासरी खर्च ४९ − ८४ + ६० + १४ = ३९, आणि सीमांत खर्च १४७ − १६८ + ६० = ३९. तळ ६ वरून ७ वर सरकला, सीमांत खर्चाचं समीकरण जागचं हललं नाही. आता भाव ६० धरून क्ष काढा आणि तो ७ शी ताडून बघा. ८ यायला हवं.